विहिरीशेजारी बर्फाची भिंत

आमच्या रेफ्रिजरेशनच्या धंद्यात गॅस कितीही जपा, कुठून ना कुठून गळतोच. किस्से मात्र साठत जातात! मी तोंड उघडलं की आमची ही स्वयंपाकघरातून म्हणते, "झालं सुरू!" पण तुम्हीच सांगा, ज्या माणसानं वसईत, ऐन मे महिन्यात, जमिनीच्या पोटात बर्फाची भिंत उभी केली, त्यानं गप्प का म्हणून बसायचं?

माझं सातिवलीला वर्कशॉप. कोल्ड स्टोरेज, बर्फाचे कारखाने, मासळीचे चिलर, जे काही थंड करायचं असेल ते आम्ही करतो. तेव्हा नुकतं दोन हजार साल उलटलं होतं. हातातल्या मोबाईलचं वजन पावकिलोच्या वर होतं, आणि माझा स्वभाव आत्ता आहे त्याहून तापट होता. म्हणजे बघा.

तर वसईतच पापडीजवळ सांडपाण्याच्या पंपहाऊससाठी एक खोल खड्डा घ्यायचा होता. तीन मजली घर उलटं पुरता येईल एवढा. जमीन म्हणजे सगळी वाळू आणि गाळ, गुडघाभर खणलं की पाणी. आदल्या वर्षी दुसऱ्याच एका कंत्राटदारानं चोवीस तास पंप लावून उपसा केला. खड्डा काही कोरडा झाला नाही, पण आजूबाजूचं गोडं पाणी ओढलं गेलं आणि त्याच्या जागी खाडीचं खारं पाणी घुसलं. खड्ड्याला लागून हिराकाकींची वाडी. पानवेल, केळी, मोगरा, आणि मधोमध विहीर. ती विहीर खारी झाली!

काकींनी काय केलं? मोर्चा नाही, अर्ज नाही. खड्ड्याच्या काठावर प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि वाल सोलत बसल्या. जेसीबीवाला म्हणाला, "काकी, बाजूला व्हा." काकी म्हणाल्या, "वाल संपले की होते." वाल संपलेच नाहीत. काम बंद पडलं. पावसाळ्यानं कृपा केली आणि विहीर पुन्हा गोड झाली. मग नव्या कंत्राटदाराला कुणीतरी सांगितलं की पाणी उपसण्यापेक्षा गोठवा. तो आला माझ्याकडे.

* * *

पहिली मीटिंग. टेबलापलीकडे पालिकेचे एक मोठे साहेब, अलीकडे मी आणि कंत्राटदाराचा साइट इंजिनिअर पेंडसे. हा पेंडसे म्हणजे काळजीचं पोतं. हेल्मेट घालूनच चहा प्यायचा.

मी समजावून सांगितलं. खड्डा घ्यायचाय त्याच्याभोवती गोलात बोअर मारायचे. प्रत्येक बोअरमध्ये पाइप, त्या पाइपात आणखी एक बारीक पाइप. बारक्यातून गारेगार खारवणी, म्हणजे मिठाचं पाणी, खाली सोडायचं, जाड्यातून वर घ्यायचं. बर्फाच्या कारखान्यात लाद्या जमवायला जे खारवणी फिरतं, तेच. ते स्वतः गोठत नाही, दुसऱ्याला गोठवतं. पाइपाभोवती जमिनीतलं पाणी गोठतं, बर्फाचा खांब होतो. खांब जाड होत होत एकमेकांना चिकटतात, की झाली भिंत. मग आतून खुशाल खणा. बाहेरचं पाणी बाहेर, आणि काकींच्या विहिरीला धक्का नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "बर्फ? वसईत? मे महिन्यात?"

पेंडसेनं माझ्या पायावर पाय दिला, म्हणजे सांभाळून बोला. पण मी कसला ऐकतोय!

"साहेब," मी म्हटलं, "अर्नाळ्याची मासळी मे महिन्यात काय पंख्याखाली ठेवतात?"

काम मिळालं.

* * *

काम मिळालं, पण काकींना कोण सांगणार? पेंडसे म्हणाला, "तुम्ही बोलके आहात." म्हणजे मला पुढे करून हा मागे.

गेलो वाडीत. काकी ओट्यावर उभ्या. एक शब्द न बोलता आत गेल्या आणि तांब्या-भांडं घेऊन आल्या. या वाड्यांमधली ही रीतच आहे. आलेल्याला आधी विहिरीचं पाणी, बोलणं नंतर. मी प्यायलो. काय पाणी हो! आमच्या बिल्डिंगच्या टाकीतलं पिणाऱ्या माणसाला तर ते सरबतच वाटावं.

"गोड हाय?" काकींनी विचारलं.

"एकदम!"

"गेल्या साली माझ्या दारात आलेल्या मानसाला मी पानी इचारलं नाय. तोंड फिरवून आत जायची. लग्न होऊन या घरात आले तवापासून असं कधी झालं नव्हतं." काकींचा आवाज लगेच कडक झाला. "आता तुम्ही येताय. तुमचं नाय जमलं तर ते पंपवाले परत येनार, खरं ना?"

खरंच होतं. करारातच तसं होतं. गोठवणं फसलं तर पुन्हा उपसा.

"काकी," मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "तुमच्या विहिरीतला एक थेंब घेणार नाही. आणि तुम्हाला पंप बंद करा, पाणी जपून वापरा, असलं काही सांगणारही नाही. हा सावंतचा शब्द!"

पेंडसे फाटकापाशी उभा होता. परत येताना म्हणाला, "पहिला भाग ठीक होता. दुसरा भाग कशाला बोललात?"

"बोलण्याच्या ओघात!"

* * *

मशीन सांभाळायला मी बावतीसला आणलं. बावतीस पापडीचाच, पण उमेदीची वर्षं अर्नाळ्याच्या बर्फ कारखान्यात गेलेली. कंप्रेसर सुरू करण्याआधी कपाळावर, छातीवर क्रूस करायचा, आणि सुरू झाला की त्याच कंप्रेसरला अशा शिव्या घालायचा की पाद्रीबाबांनी कान धरले असते.

एप्रिल संपत आला तेव्हा पाइपांच्या वरच्या टोकांवर पांढरं हिव चढलं. बाहेर घामाच्या धारा, आणि इथे पाइपांवर काश्मीर! सगळं गाव बघायला लोटलं. त्यात एक कोळीण, डोक्यावर पाटी, बाजाराला उशीर झालेली.

"ओ बावतीस, थोडा बर्फ दे रे. बांगडा मऊ पडायला लागला."

"मावशी, हा बर्फ तसा नाय. जमिनीच्या आत हाय. खनून काढावा लागंल."

मावशीनं आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. मी खुर्चीवर, बावतीस ड्रमवर, पेंडसे हेल्मेट घालून सावलीत.

"मग खना की मेल्यांनो! बसलाव कशाला?"

* * *

बावतीसच्या पुतणीचं लग्न होतं. लग्नाच्या सकाळी साइटवर येतो तर खारवण्याच्या पाइपांवर ओली गोणपाटं, आणि गोणपाटांखाली बियरचे क्रेट! मी बोंबलणार, तेवढ्यात फाटकातून मोठ्या साहेबांची जीप आत. अचानक तपासणी!

पेंडसेची पाचावर धारण बसली. साहेब चालत चालत आले ते नेमके गोणपाटापाशी थांबले. एका बाटलीची मान बाहेर डोकावत होती.

"हे काय आहे?"

मी घसा साफ करायला लागलो. बावतीस मात्र पुढे आला, टोपी काढली आणि शांतपणे म्हणाला, "सॅम्पल हाय साहेब. टेम्परेचर बरोबर येतं का बघतो."

साहेबांनी बाटलीला बोट लावलं. बोट झटकन मागे घेतलं. पुन्हा लावलं. चेहरा खुलला.

"उत्तम! टेस्टिंग कितीला आहे?"

"संध्याकाळी साहेब, चर्चच्या मागच्या हॉलमधे."

साहेब आले. बायकोला घेऊन आले आणि सगळ्यात शेवटी गेले!

* * *

आता मात्र गंमत थोडी बाजूला ठेवा, कारण इथून माझी झोप उडाली.

पाइपांच्या मधे आम्ही थर्मामीटर सोडले होते. गोलात सगळीकडे पारा शून्याच्या खाली उतरला. फक्त काकींच्या वाडीकडच्या बाजूला दोन पाइपांमधे उतरेना! भिंतीला खिडकी राहिली होती. खिडकी असलेली भिंत आमच्या कामाला काय उपयोगाची? तिथून पाणी आत येणारच. मशीन वाढवलं. दुसरा कंप्रेसर जोडला. बावतीसनं शिव्यांचा अख्खा साठा संपवला. पारा ढिम्म!

असं का होतं, तर जमिनीतलं पाणी एका जागी उभं असेल तर गोठतं. वाहतं असेल तर थंडी सोबत घेऊन पुढे जातं. म्हणजे तिथलं पाणी कुणीतरी ओढत होतं. आणि त्या बाजूला विहीर एकच. काकींचा पंप रोज सकाळी वाडीला पाणी लावायचा.

पेंडसेनं माझ्याकडे बघितलं. ते 'दुसरा भाग कशाला बोललात' त्याच्या कपाळावर लिहिलेलं दिसत होतं.

गेलो. स्वतःचाच शब्द मोडायला. काकींनी पाणी दिलं. मी भांडं हातात धरून सगळं सांगितलं. काकींनी मला जे सुनावलं ते मी इथे सांगणार नाही, आमची ही ऐकतेय. मला बोलून झाल्यावर त्या पानवेलीकडे बघत राहिल्या. उन्हाळ्यात पानवेलीला पाण्यावाचून काय होतं ते मलासुद्धा माहीत होतं.

शेवटी म्हणाल्या, "पंप बंद करते. पन वेल सुकू देनार नाय. पानी तुम्ही आना."

"आणतो!" मी म्हटलं. आमच्या मशीनला थंड ठेवायला रोज टँकर येतच होता. पेंडसेनं तो पहिल्या दिवसापासून लावून दिला होता. त्यातलाच एक जास्त मागवला आणि नळी काकींच्या वाडीत सोडली. आता दोन-चार दिवसांत पारा उतरतो की नाही बघा, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं.

पारा ढिम्मच! शिवाय काकींच्या विहिरीचं पाणी खाली गेलं. पंप बंद असताना! आतली एक पायरी उघडी पडली. काकी काठावर उभ्या राहून त्या पायरीकडे बघत होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

* * *

एका सकाळी वाडीतून आरडाओरडा. धावत गेलो. काकी टँकरवाल्याच्या समोर, कमरेला पदर खोचून, हातात आमची नळी.

"कुठून भरलास?" काकी विचारत होत्या.

"बाजूच्याच वाडीतून," टँकरवाला म्हणाला आणि आमच्या खड्ड्यापलीकडे बोट दाखवलं. "जनुभाऊंच्या विहिरीवरून. रोज तिथनंच भरतो."

काकींनी नळी अशी भिरकावली की ती पेंडसेच्या हेल्मेटवर बसली. हेल्मेटचा तेवढा एकदाच उपयोग झाला.

"वेल जळून गेला तरी चालंल! त्या मानसाचं पानी माझ्या वाडीत नको!"

बावतीसनं मला हळूच सांगितलं. जनुभाऊ म्हणजे काकींचे सख्खे दीर. वाडीच्या वाटण्या झाल्या तेव्हा विहीर थोरल्याच्या वाट्याला गेली. धाकटा तिरमिरीत आपली वेगळी विहीर खणून बसला, आणि तेव्हापासून दोन घरांत बोलणं नाही. थोरला भाऊ, म्हणजे काकींचे यजमान, गेले तेव्हा जनुभाऊंनी खांदा दिला, पण शब्द बोलले नाहीत.

मी हे ऐकतोय, आणि पेंडसे तिकडे काठीनं मातीत तीन गोल काढतोय. एक काकींची विहीर. मधे आपला खड्डा. पलीकडे जनुभाऊंची विहीर. तिन्ही एका ओळीत!

काठी थांबली. "सावंत... म्हणजे काकींच्या खालचं पाणी आपल्या खड्ड्याखालून तिकडे ओढलं जातंय. आणि तिकडून ते टँकरनं..."

"पेंडसे, हळू बोला."

"...आपण आपल्याच मशीनला आणतोय. म्हणजे आपला बर्फ आपणच..."

"पेंडसे! हे किती जणांनी ऐकलं?"

बावतीस टोपीनं तोंड झाकून हसत होता. हसू द्या. निदान कळलं तरी! त्याच तासाला टँकर दुसरीकडून सुरू केला. पण जनुभाऊंनी एव्हाना मोठी मोटर बसवली होती, आणि आता स्टेशनकडच्या बिल्डिंगींचे टँकर तिच्यावर भरत होते. आमचा टँकर गेला, मोटर चालूच!

मी जनुभाऊंकडे गेलो. उंच, वाळका माणूस, बनियनवर. सगळं ऐकून घेतलं.

"बंद करीन," म्हणाले. "पन तुमच्या सांगन्यावर नाय. जिची विहीर हाय तिनं येऊन सांगावं."

हा निरोप काकींना दिला. काकींनी दार लावून घेतलं.

* * *

शेवट काय झाला ते आधीच सांगून टाकतो, उगाच ताणत नाही. मोटर बंद झाली, त्या आठवड्यात खिडकी मिटली. आम्ही खड्डा तळापर्यंत कोरडा खणला. आतून मातीची भिंत करवतीनं कापावी लागेल अशी कडक, वर हात ठेवला तर बोटं बधिर. विहिरीचं पाणी वर चढलं, आणि गोडच राहिलं. मोठे साहेब खड्ड्यात उतरले ते स्वेटर घालून. हे सगळं मी केलं, आणि मला त्याचा गर्व आहे. असायलाच पाहिजे!

पण मोटर बंद झाली ती सकाळ मी कधी विसरणार नाही.

दार लावून घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी काकी स्वतः साइटवर आल्या. ठेवणीतलं लुगडं, केस चापूनचोपून बसवलेले. मला म्हणाल्या, "चला."

खड्ड्याच्या मागच्या अंगाला दोन्ही वाड्या भिडतात, तिथे कमरेएवढा बांध. अलीकडे काकी, पलीकडे जनुभाऊ, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. मागे मोटर घुमत होती. आणि मी बांधाच्या टोकाला.

काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यांना सांगा, मोटर बंद करा."

मी म्हटलं, "भाऊ, मोटर बंद करा म्हणतायत."

"बहिरा नाय मी! तिला इचारा, कशापायी?"

"काकी, विचारतायत की..."

"यांना सांगा, बर्फ धरत नाय. नाय धरला तर पंपवाले परत येतील. माझी विहीर परत खारी होईल."

"तिला सांगा, गेल्या साली माझी पन खारी झाली होती. मी गाव गोळा नाय केला."

मी इकडून तिकडे मान फिरवून फिरवून घामाघूम. दोघंही मराठीच बोलतायत, दोघांनाही ऐकू येतंय, आणि मधे मी दुभाषा!

"तिला सांगा," जनुभाऊंचा आवाज चढला, "वाटनीत विहीर तिच्या घरात गेली. मी काय बोललो? माझी मी खनली. कुनी बघायला तरी आलं?"

काकींनी पदर सावरला. मला वाटलं, संपलं सगळं, आता या निघून जातात. मग त्या बोलल्या, अगदी हळू, पण माझ्याकडेच बघून.

"यांना सांगा, हे आपली विहीर खनत होते तवा यांचे दादा रोज संध्याकाळी केळीच्या आड उभे राहून बघायचे. पानी लागलं का, पानी लागलं का. ज्या दिवशी लागलं त्या दिवशी घरी आले आणि पोटभर जेवले. तवर धड जेवत नव्हते."

हे मला पुढे सांगता येईना. सांगायची गरजही नव्हती. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले होते.

जनुभाऊ वळले आणि मोटरच्या खोपीत गेले. घुमणं थांबलं. इतकं शांत झालं की आमच्या कंप्रेसरवर बावतीस शिव्या घालतोय ते इथवर ऐकू आलं. जनुभाऊ बाहेर आले, हातात चिनी मातीचा फ्यूज. सगळी देवाणघेवाण माझ्यामार्फत चाललेली, म्हणून मी हात पुढे केला.

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. बांधावरून वाकले आणि फ्यूज काकींच्या हातात ठेवला.

"ठेव तुझ्याकडं, वयनी."

काकींनी तो पदरात गुंडाळला. दोघंही बांधाला टेकून उभी राहिली. मग काकींची नजर माझ्यावर गेली.

"तुम्ही कशाला उभे ओ, बर्फवाले? आम्ही बोलतोय ना!"